माझा ग्लास नेहमी गरमच होतो

ताई,

आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. मुलगी वीस महिन्यांची. सासूबाई आमच्याजवळच असतात. माझ्या नवऱ्याला क्राफ्ट बिअरचं, म्हणजे छोट्या कारखान्यांत थोडी थोडी बनवतात त्या बिअरचं, भारी वेड आहे. तो दारुडा मुळीच नाही, पण कुठे कुठली नवीन बिअर लागली याची खबर त्याला आधी असते. महिन्यातून दोन रविवारी त्याच्या कॉलेजच्या मित्रांचा ग्रुप लोअर परळला नाहीतर अंधेरीला, बिअर तिथल्या तिथे बनवतात अशा जागी भेटतो, सगळे बायकामुलांसकट. मुलं खेळतात, मोठे गप्पा मारतात, निघता निघता अंधार पडतो.

सासूबाईंना हे अजिबात पसंत नाही. त्यांचं बालपण लालबागच्या चाळीतलं. 'पोरांना गुत्त्यात घेऊन जाता?' असं त्यांनी एकदा तोंडावर विचारलं. तेव्हापासून नवरा घरी 'जेवायला चाललोय' एवढंच सांगतो आणि मुलालाही बजावतो, आजीला काही सांगू नकोस. गेल्या महिन्यात शाळेत 'माझा रविवार' असं चित्र काढायला दिलं होतं. आमच्या चिरंजीवांनी भलीमोठी स्टीलची टाकी काढली आणि बाईंना सांगितलं, 'इथे बाबांची बिअर शिजते.' बाई हसत होत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचं चुकतंय का? लहान मुलांना अशा ठिकाणी न्यावं का? कायदा काय सांगतो? सासूबाईंना कसं समजवायचं? मीही कधी कधी एखादा ग्लास घेते. पण धाकटीच्या मागे पळता पळता माझा ग्लास नेहमी गरमच होतो.

– मुलुंडची आई

ता. क. मला ती कडू बिअर झेपत नाही. दुसरं काय मागवावं हेही सांगा, हसू नका.

*

मुलुंडच्या आई,

तुला तू म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंबद्दल तू दोन पानं लिहिली होतीस (छापताना मी ती कापली, रागावू नकोस), शाळेबद्दल एक पान, आणि स्वतःबद्दल एक ओळ, तीही जाता जाता. त्या ओळीकडे मी येणारच आहे. पण तू जे विचारलंस त्याची उत्तरं आधी देते, नाहीतर म्हणशील बाई भलतंच बोलत सुटल्या.

कायद्याचं पटकन संपवू. महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये पोरांच्या बोटावर फेस ठेवून 'चाटून बघ, कशी लागते' म्हणणारा जो एक काका असेल (असतोच), त्याला पहिल्याच वेळी स्पष्ट सांग की हे चालणार नाही. हसून नको सांगू. हसून सांगितलेलं असल्या काकांना परवानगीसारखं ऐकू येतं. मुलांना आत बसू द्यायचं की नाही, याचे नियम मात्र प्रत्येक जागेचे वेगळे असतात. दुपारी मुलांना उंच खुर्ची आणून देणारी जागा संध्याकाळी सातनंतर त्याच मुलांना दारावर अडवू शकते. निघण्याआधी फोन करून विचारायचं. फोनवर आणखी एक विचार: बाळाचं डायपर बदलायला जागा आहे का? उत्तर देणारा गडबडला, तर ती जागा मुलांसाठी किती तयार आहे ते तुला कळेलच.

यावरून एक आठवलं. तुम्ही ज्या लोअर परळला जाता, तिथल्या गिरण्यांमध्ये पाळणाघरं असायची. १९४८च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं होतं. साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या, धडधडाटाशेजारी बाळाला निजवायची सोय होती. आता त्याच आवारात चारशे रुपयांचा ग्लास मिळतो आणि बाळाला सोफ्यावर आडवं करून डायपर बदलावं लागतं. असो. हा राग तुझ्या प्रश्नाचा भाग नाही.

आता नवऱ्यासाठी एक हिशोब. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य प्रत्येक मित्रमंडळात कुणीतरी टाकतंच. ५०० मिलिलिटरचा ग्लास आणि ५ टक्क्यांची बिअर धर. त्यात २५ मिलिलिटर अल्कोहोल झालं. व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग आपल्याकडे ४२.८ टक्क्यांचा असतो, म्हणजे त्यात तेराच्या आतबाहेर. तेव्हा एक मोठा ग्लास म्हणजे सरळ दोन छोटे पेग. क्राफ्टवाल्यांकडे ७ टक्क्यांच्याही बिअर असतात, त्यांचा हिशोब तूच कर. एवढा ग्लास शरीरातून निचरायला दोन-तीन तास जातात, लिंबूपाणी प्या नाहीतर काळी कॉफी. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा, आणि घाईने प्यायलेल्या एका मोठ्या ग्लासातही ही रेघ ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ दे. मागच्या सीटवर दोन पोरं आहेत. ज्याने ग्लास घेतला, त्याने त्या दिवशी किल्लीला हात लावायचा नाही.

मग जायचं कसं? मुलुंडकराला मी लोकल कशी सांगू, रविवारी अकरा ते चार तुमच्याच नशिबी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो. तरी सांगते. ब्लॉकच्या आधी निघा, दादरला उतरून पश्चिमेची गाडी घ्या, महालक्ष्मीला उतरा आणि आधी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठा. १९८५ सालापासून आहे ते. तुझ्या थोरल्याला टाक्या आणि नळ्या आवडतात असं दिसतंय, त्याला तिथून बाहेर काढायला तुला लाच द्यावी लागेल. साडेबाराला तिथून निघून लोअर परळला जेवा आणि धाकटीच्या झोपेच्या वेळेला परत फिरा. असा रविवार असेल तर मी म्हणेन, खुशाल न्या मुलांना. दुपारी बाराला उजेड असतो, गाणी हळू असतात, टेबलं रिकामी असतात, वाढप्यालाही मुलाशी दोन शब्द बोलायला फुरसत असते.

संध्याकाळ मात्र नाही. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या घरचे असेच एका गिरणीच्या आवारातल्या जागी बसले होते. जागेचं नाव लिहीत नाही. सातला स्पीकर मोठे झाले. पाच वर्षांचा पोरगा आधी टेबलाखाली गेला, मग दोन्ही तळव्यांनी कान दाबून तिथेच बसून राहिला. बिल यायचं होतं, एकाचा ग्लास अर्धा होता, कुणी 'पाच मिनिटं' म्हणालं. त्या पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. ही सगळी चांगली माणसं, पोरावर जीव टाकणारी. पण दुसरा ग्लास आला की वेळ मोजायचं घड्याळ बदलतं आणि ते बदललेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि कुठेही बसा, आत शिरल्याबरोबर बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ला लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या जागेला आग लागली आणि १४ माणसं गेली. वीस महिन्यांचं मूल कडेवर असताना जिना शोधत बसायची वेळ येऊ नये. गच्ची आणि पोटमाळा टाळता आला तर टाळा. टाक्या काचेतूनच दाखवा. कुणी हौसेने 'या, आत येऊन बघा' म्हणालं तरी लहान मुलाला आत नेऊ नका. टाक्या धुवायला कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा वापरतात, पाणी उकळतं असतं, आणि बिअर आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. खाली म्हणजे मुलाच्या नाकाच्या उंचीला.

आता तुझ्या चिरंजीवांचं चित्र. तू उगाच लाजलीस. पोरगा शंभर टक्के बरोबर बोलला आहे. बिअर खरोखरच शिजते. सातूला मोड आणायचे, ते सुकवायचे, भाजायचे, भरडायचे. मग कोमट म्हणावं त्याहून बऱ्याच गरम पाण्यात, साधारण ६५ अंशांवर, तासभर भिजत ठेवायचे, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचं. तुला जो कडूपणा झेपत नाही, तो या फुलांचा. नंतर निवलं की यीस्ट घालायचं आणि ते आठवडा-दोन आठवडे साखर खात बसतं. यातलं पहिलं निम्मं काम तू घरी केलेलं आहेस. नाचणीला मोड आणून, सावलीत सुकवून, दळून तू धाकटीसाठी जे सत्त्व केलंस ना, त्याला इंग्रजीत माल्टच म्हणतात. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींच्या डब्यावरही तोच शब्द असतो.

मुलाला हे असंच सांगायचं. 'हे मोठ्यांचं आहे' एवढ्यावर गप्प बसवलंस तर त्याला त्यात काहीतरी भारी दडलंय असं वाटेल. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं ते त्याला दाखव. स्टेशनवर नीरा दिसली तर पाज आणि सांग, ही ताजीच प्यायची, ठेवली की आंबते आणि ताडी होते. बिअरही तशीच आंबवलेली असते, तिने मोठ्यांचंही डोकं जड होतं आणि मुलांच्या अंगाला ती सोसत नाही, म्हणून मुलांनी प्यायची नाही. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. फक्त त्याला मोठ्यांसारखा ग्लास भरून 'झिरो', म्हणजे बिनअल्कोहोलची, बिअर देऊ नका. त्याला कोकम सरबत द्या, आल्याचा सोडा द्या, पालनजीची रासबेरी (इराण्याकडचा तो लाल गोड सोडा) मिळाली तर ती द्या. चिअर्स करायला तेवढं पुष्कळ झालं.

रासबेरीवरून माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं मत तिथूनच आलं आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही गिरगावात राहत होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील मला आणि भावाला घेऊन इराण्याकडे जायचे. वरच्या मजल्यावर 'फॅमिली रूम' होती, लाकडी कठड्यांची. त्यांची एक बिअर, आम्हाला एक-एक रासबेरी आणि एका प्लेटमध्ये तिघांत खिमा. आई यायची नाही, तिला तो तासभर घर रिकामं हवं असायचं. वडील बिअर सावकाश प्यायचे, आमच्याशी पत्त्यांचं 'बदाम सात' खेळायचे. आणि आमची रासबेरी संपली की उठायचे. बाटलीत बिअर उरलेली असली तरी उठायचे. एकदा भावाने विचारलं, 'बाबा, तुमची राहिली ना?' तर म्हणाले, 'तुमची संपली ना?' आम्ही दोघं नंतर ती रासबेरी मुद्दाम थेंब थेंब पुरवायला लागलो, वडिलांची बिअर संपावी म्हणून. इतक्या वर्षांनी वाटतं, आम्हाला पोरं असताना मोठ्यांचं घड्याळ हातात मिळालं होतं.

तुमच्याकडे हे उलटं आहे. आठ मोठ्यांची बैठक आणि तिला मुलांच्या सहलीचं नाव. बैठक वाईट नाही, सहलही वाईट नाही, पण दोन्ही एका टेबलावर बसवल्या की बैठक जिंकते. म्हणून माझं सांगणं असं, की दोन रविवारांपैकी एक मुलांचा ठेवा. त्या दिवशी रासबेरी संपली की उठायचं. आईबापांपैकी एकच जण घेणार, तोही एकच ग्लास, आणि उठायचं कधी हे न घेणाऱ्याने ठरवायचं. 'पाच मिनिटं' हा शब्द त्या दिवशी बंद. दुसरा रविवार मोठ्यांचा. त्या दिवशी मुलं घरी. मग बसा हवं तितकं, करा कडू-गोडाची चर्चा.

'मुलं घरी' म्हटलं की सासूबाई आल्या.

त्यांना समजवू नकोस. त्यांना सगळं समजतं, तुझ्यापेक्षा जास्तच. लालबागच्या चाळीत वाढलेल्या बाईला 'गुत्ता' हा शब्द काही वाचून माहीत झालेला नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर बायका का उभ्या राहायच्या, ते त्यांना विचार. नवरा गुत्त्यापर्यंत पोचायच्या आत पाकीट हातात यावं म्हणून. शनिवारी रात्री कुठल्या खोलीतून भांडी आपटल्याचा आवाज येणार, हे चाळीतल्या पोरांना आधीच माहीत असायचं. त्यात हातभट्टी. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती काही जुन्या काळातली गोष्ट नाही. त्या बाईच्या डोळ्यांसमोर हे आहे, आणि तिचा मुलगा तिला सांगतो 'जेवायला चाललोय'. खोटं बोलणारा पिणारा माणूस त्यांनी आधी पाहिलेला आहे, तोच त्यांना पुन्हा दिसतो. तुमच्या बिअरला कोकम-मिठाचा वास येत असला (पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सने तशी केलीय, आणि ती बरी लागते असं लेक म्हणते) तरी त्यांच्या लेखी वास तोच.

तुझ्या पत्रात मला एकाच गोष्टीचा खरा राग आला, आणि ती म्हणजे 'आजीला सांगू नकोस'. मुलाला टॅपरूममध्ये, म्हणजे नळाची बिअर मिळते त्या जागी, नेल्याने त्याचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. पण बाबांच्या पिण्याची गोष्ट लपवून ठेवायची असते आणि ते काम आपलं असतं, हे त्याला सहाव्या वर्षी शिकवणं वाईट. शिवाय घरातल्या मोठ्या माणसाने 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं तर सांगायचं नाही, ही सवय मुलाला कुठे नडू शकते ते तुला सांगायला नको. हे आजपासून बंद. नवऱ्याने मुलासमोर आईला सांगायचं: 'आई, आम्ही रविवारी जिथे जातो तिथे मी बिअर पितो. तुला आवडत नाही ते मला माहीत आहे. याला मी लपवायला सांगितलं, ते माझं चुकलं.' हे त्यानेच सांगायचं, तू नाही. सून मध्ये पडली की दोष सुनेचा होतो, हे मुलुंडलाही चालतं आणि लालबागलाही.

बिअरची वकिली करायला जाऊ नका. 'थोडी तब्येतीला चांगली असते' असलं तर मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय की आरोग्याच्या दृष्टीने अमुक इतकी दारू सुरक्षित, असं काही प्रमाण नाही. आवडते म्हणून पितो, मोजून पितो, एवढंच म्हणावं. त्यानंतर सासूबाई चार दिवस बोलणार नाहीत. बोलू नयेत. पाचव्या दिवशी चहा टाकताना काहीतरी म्हणतील. त्यानंतर केव्हातरी मोठ्यांच्या रविवारचं विचारायचं, 'दुपारी तीन तास मुलांकडे बघाल का?' नाही म्हणाल्या तर नाही. आजी म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे, आणि त्यांना न पटणाऱ्या कामासाठी तर नक्कीच नव्हे. मग पैसे देऊन कुणी मिळतं का बघा, नाहीतर तुम्ही दोघं आळीपाळीने जा.

आळीपाळीने म्हटलं आणि आता ती शेवटची ओळ.

महिन्यातून दोन रविवार, वर्षाचे झाले चोवीस. त्यातल्या किती रविवारी धाकटीच्या मागे तुझा नवरा पळाला? तू ते लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारते. सगळे मित्र बायकामुलांसकट येतात म्हणतेस, म्हणजे टेबलाशी बसलेले बाप किती आणि पोरांमागे फिरणाऱ्या आया किती, हेही मला न बघता दिसतं. वाढप्याच्या हातात जड ग्लासांनी भरलेला ट्रे आणि त्याच्या पायात वीस महिन्यांचं मूल, हे चित्र कुणाच्या डोळ्यांपुढून हलत नाही? तुझ्याच. म्हणून तू जागेवर बसू शकत नाहीस आणि ग्लास गरम होतो. तू मला विचारलंस, मुलांना न्यावं का. मला वाटतं तुला विचारायचं होतं, मी का जाते.

भांडण काढू नकोस, हिशोब काढ. पुढच्या वेळी आत शिरताना धाकटी नवऱ्याच्या कडेवर दे आणि म्हण, 'पहिला तास तुझा.' एवढंच. कसं सांभाळायचं ते सांगत बसू नकोस, पिशवीत काय कुठे आहे तेही सांगू नकोस, शोधू दे. तू मित्रांच्या टेबलावर बस. पहिल्या खेपेला दर दोन मिनिटांनी तुझी मान वळेल, ती वळू दे. आणि मोठ्यांच्या रविवारांपैकी एखादा फक्त तुझा असू दे, तुझ्या मैत्रिणींबरोबर. बिअर प्यायलाच पाहिजे असं नाही. दादरला जाऊन पियूष पी आणि साड्या बघून ये. तेव्हा मुलं आणि सासूबाई दोन्ही नवऱ्याकडे.

चित्राचं राहिलंच. बाईंकडून मागून आण आणि घरात लाव. सासूबाईंना दिसेल अशा ठिकाणी. टाकी चांगली काढली असेल तर त्याही म्हणतील, चांगली काढलीय.

जाता जाता तुझा नवरा ज्या वेडापायी पोरं घेऊन लोअर परळ गाठतो, त्याबद्दल त्याला चिडवायला एक माहिती. हे खूळ आपल्याकडे पुण्याहून आलं. २००९ साली डूलाली नावाच्या कंपनीने पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरचा छोटा कारखाना, काढली, मुंबईत पहिली उघडायला २०१३ उजाडलं. आणि ते 'डूलाली' म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहावं लागायचं, डोकं फिरायची वेळ यायची, त्यावरून त्यांच्या बोलीत 'डूलाली टॅप' म्हणजे वेड लागणं. तो 'टॅप' नळाचा नाही, आपला 'ताप' आहे.

हसले नाही, हे घे तुझ्या ता.क.चं उत्तर. गव्हाची बिअर माग. तिथे 'व्हीट' किंवा 'हेफेवाइझेन' म्हणतात. हॉप्स कमी म्हणून कडूपणा कमी, आणि पिकल्या केळ्याचा, थोडा लवंगेचा वास येतो. आत केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते सगळं यीस्टचं काम. आधी छोट्या ग्लासात चव बघायला माग, बहुतेक ठिकाणी देतात. आवडली तर लहान ग्लास घे, आणि त्या दिवशी एक ग्लास घेणारी तू असशील, नवरा कोकम पिईल. ती गार असतानाच प्यायची असते, गरम झाली की केळ्याचा वास नकोसा होतो. तेव्हा ग्लास टेबलावर येईल त्या वेळी धाकटी कुठे आहे ते बघून घे. ती बापाच्या कडेवर, काचेपलीकडची टाकी बघत असली पाहिजे.